हिगांताच्या पोटातून

आमच्या कार्तागो गावात मुखवट्यांच्या दिवशी माझ्या नणंदेच्या डोक्यात चिंध्या भरलेला एक भलामोठा हात दाणकन बसला आणि तिची कॉफी तिच्याच मांडीवर सांडली. तो हात फिरवणारी बाई मी होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

तेरा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते आणि माझे यजमान एवेलियो अठ्ठ्याहत्तरचे. त्यांनी जन्मभर न्हाव्याचं काम केलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि शनिवारी इतकी गर्दी की लोक आपला नंबर दुसऱ्याला सांगून समोर एक पेला मारून येत. स्मृतिभ्रंश झाला तेव्हा आधी त्यांना गिऱ्हाइकांची नावं आठवेनात, मग गल्ली आठवेना, आणि मग एके दिवशी मीही त्यांच्या डोक्यातून निघून गेले. चांगुलपणा मात्र जागच्या जागी राहिला. माझ्याशी बोलायचे ते इतक्या अदबीने, की जणू मी पहिल्यांदाच दुकानात आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाची आई आहे.

तीन वर्षं मी पाव आणायच्या पलीकडे घराबाहेर पडले नव्हते. मी दिसेनाशी झाले की ते घाबरत. मी न्हाणीघरात गेले की बाहेरून टकटक सुरू. "बाई, आत आहात ना?" म्हणून मी आंघोळ करताना मोठ्याने गात असे. गळा सुरेल आहे म्हणून नव्हे, हजेरी लावायला. शेजारणी म्हणत, ओदिलिया या वयातही काय खुशीत असते!

मग आमच्या वॉर्डात दिवसाचं घर निघालं. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सकाळी आठला छोट्या पांढऱ्या गाडीतून न्यायचं आणि दुपारी तीनला परत आणून सोडायचं. आमच्या वाट्याला मंगळवार आणि गुरुवार आले. पहिल्या मंगळवारी गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी घरात आले, न्हाणीघराचं दार लावलं आणि आत नुसती बसून राहिले. गायले नाही. चांगला अर्धा तास गायले नाही.

ही बातमी तिकडे लिबेरिया गावी माझ्या नणंदेपर्यंत कोणी पोहोचवली देव जाणे. आउरिस्तेला एवेलियोंपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलेलं. सत्त्याऐंशी वर्षांची असूनही टेलिफोनवर तिचा आवाज असा यायचा की रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागे.

"वहिनी, माझ्या भावाला तुम्ही म्हणे कुठेतरी नेऊन ठेवता."

"ठेवत नाही हो, पाठवते. तीन वाजता परत येतात."

"धुवायला टाकलेल्या चादरीबद्दल बोलल्यासारखं बोलू नका. मी एकतीस तारखेला येतेय. मंगळवार आहे ना? स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तो कुठे कोपऱ्यात टाकल्यासारखा बसलेला दिसला, तर दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर लिबेरियाला. माझ्याकडे अंगण आहे, खोली आहे. बिछाना घालूनच येतेय मी." आणि मग जरा थांबून, "तुम्हीही या, हवं तर."

ते 'हवं तर' मला जेवताना टोचलं, भांडी घासताना टोचलं. आम्हाला मूल नाही. एकोणपन्नास वर्षांचा संसार आणि मी त्यात 'हवं तर'. आणि तिने नेलं असतं तर ते गेलेही असते. तेव्हा जो कोणी हात धरी, त्याच्याबरोबर ते मुकाट्याने चालू लागत. मी भांडले असते, पण भांडणार कशाच्या जोरावर? त्या घरी ते खुशीत असतात असं मलाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. घरी आले की विचारलं तर म्हणायचे, "काम होतं." बस्स, तेवढंच.

दिवसाच्या घराची एक अट होती. दर गुरुवारी दुपारी एक तास सांभाळणाऱ्यांनी यायचं. बायका, मुली, एखाददुसरा नवरा. घर चालवणारी सिनिया नावाची बाई, चाळिशीची, काळ्याभोर केसांची, कडक. त्या गुरुवारी तिने आम्हाला ओळीने विचारलं, "या आठवड्यात स्वतःसाठी काय केलंत?"

वॉल्तेर म्हणून एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, त्यांची बायको तिथे यायची. ते म्हणाले, "मी बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत झोपलो. मग त्याच बसने झोपत परत आलो."

"आणि तुम्ही, डोन्या ओदिलिया?" मान द्यायचा तर आमच्याकडे बाईच्या नावाआधी डोन्या लावतात.

"मी पडदे धुतले."

"पडदे तुमचे कोण लागतात?" सिनिया म्हणाली. "हे बघा, तुम्ही कोलमडलात तर त्यांना आठवड्याचे सातही दिवस इथे आणावं लागेल, आणि रविवारी माझी सुट्टी असते. पुढच्या वेळी मला धुणं, झोप, रांधणं यातलं काही ऐकायचं नाही."

तेव्हा निदिया उठली. ही निदिया पन्नाशीची, शिडशिडीत. तिची आई तिथे येई. तिचे वडील मुखवटे करायचे, आणि ते गेल्यावर घरात खाटेखाली, कपाटावर, न्हाणीघरातसुद्धा मुखवटेच मुखवटे उरले होते. ती म्हणाली, "एकतीसला मुखवट्यांचा दिवस, मुखवटेवाली पोरं बँड घेऊन मोठ्या रस्त्याने नाचत जाणार, आपल्या म्हाताऱ्यांकडे कोणी फिरकणार नाही. मग आपणच होऊ या की! मी सापळा होते. मास्तर सैतान."

"माझा गुडघा," मास्तर म्हणाले.

"सैतान लंगडाच असतो. आणि हिगांता डोन्या ओदिलियांनी घ्यायची."

हिगांता म्हणजे लाकडी सांगाड्यावरची बारा फुटी बाई. वर गुलाबी गालांचं, बशीएवढ्या डुलांचं कागदी लगद्याचं डोकं, खाली तंबूएवढा झगा, आणि आतला माणूस झग्याच्या पोटापाशी शिवलेल्या जाळीच्या तुकड्यातून बघतो. वजन असं की तरणे पुरुष दोन रस्ते चालले की बदली मागतात.

"मला का?" मी म्हणाले.

"कारण तुम्ही बेकरीवाल्याची लेक. लहानपणी पिठाच्या गोण्या उचलल्यात. खांदे बघा स्वतःचे."

पन्नास वर्षांत माझ्या खांद्यांकडे कोणी बघितलं नव्हतं. मी हो म्हणून बसले. घरी पोहोचल्यावर आठवलं, एकतीस म्हणजे आउरिस्तेला येण्याचा दिवस.

मी निदियाला नको म्हणून सांगायला गेले. नणंद येणार एवढं ऐकून तिने मला पुढे बोलूच दिलं नाही, सरळ सांगाड्यात उभं केलं. आत जुन्या खळीचा आणि कुणाकुणाच्या घामाचा वास होता. मी एक पाऊल टाकलं, हिगांता डुलली. मी गिरकी घेतली, तिचे ते भरलेले हात भर्रकन गोल फिरले आणि निदियाच्या ओट्यावरचं दोऱ्याच्या रिळांचं तबक उडालं. मी हसायला लागले. हसू थांबेना, वर डोकं गदगदा हलत होतं. निदिया म्हणाली, "आत कोण आहे ते रस्त्यात कधी कोणी बोलत नाही, हे ठाऊक आहे ना? तुमची नणंद कार्तागोचीच. तिलाही ठाऊक असेल. आणि बोललात तर आवाज बारीक काढून बोला."

आउरिस्तेला सांगितल्याच्या आदल्या रात्री, सोमवारीच आली, आणि सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "पडदे स्वच्छ आहेत."

मंगळवारी सकाळी मी खोटं बोलले. "मला दवाखान्यात जायचंय, कागद आणायचेत. तुम्ही गाडीतून त्यांच्याबरोबर जा, मी मागून येते." तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, हिच्या मनात बिछान्यावर उशीही घालून झालीय.

दीड वाजता आम्ही दिवसाच्या घराच्या मागच्या परसात तयार होत होतो. बँड होता पाच जणांचा. दोन कर्णे, एक ट्रॉम्बोन, ढोल आणि झांजा. त्यांना दोन चाली येत होत्या आणि त्या दोन्हींची सुरुवात सारखीच होती. मास्तर सैतानाच्या शिंगांत अडकले होते. निदिया सापळा होऊन उड्या मारत होती. मी सांगाडा खांद्यावर घेतला, मनात म्हटलं, ओदिलिया, तू मूर्ख आहेस, आणि बँड सुरू झाला.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा आधी ओरडाच झाला. म्हातारी माणसं खुर्च्यांवर गोल करून बसलेली. एकजण टाळ्या पिटायला लागला, एकीने झग्याला धरून विचारलं, "हे कापड कुठून आणलं?" पण खरी गंमत केली निदियाच्या सापळ्याने. तिथे डोन्या बेलार्मिना नावाची त्र्याण्णव वर्षांची बाई होती. हाडांचा सापळा नाचत तिच्यापुढे आला, तेव्हा ती रागावली. "आत्ता येता होय? चार वर्षं वाट बघतेय. आता माझी कॉफी यायची आहे. बसा तिथे." आणि तिने मृत्यूला शेजारच्या खुर्चीत बसवलं. निदिया पुढचा पाव तास तिथेच बसून होती. उठायला गेली की म्हातारी तिच्या गुडघ्यावर चापट मारी.

मी जाळीतून शोधत होते. जाळी ताटाएवढी, त्यातून दिसेल तेवढंच जग. बूट, खुर्चीचे पाय, कुणाचं पोट. एवेलियो कुठे दिसेनात. मी गिरकी घेतली, अजून दिसेनात, आणखी मोठी घेतली, आणि तेव्हाच तो आवाज आला. दाणकन. पाठोपाठ कपाचा. मग एक ओळखीचा आवाज, ज्यासाठी रिसीव्हर लांब धरावा लागतो.

"अगं बाई! आंधळी आहेस का?"

जाळीसमोर बरोबर आउरिस्तेलाचा तपकिरी स्कर्ट, त्यावर कॉफी. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत एवेलियो. कोपऱ्यातच. हात मांडीवर, मान खाली. अगदी टाकल्यासारखे.

तिला हेच बघायचं होतं, आणि हेच मी तिला दाखवत होते, बारा फूट उंच होऊन.

सिनिया कापड घेऊन धावली. स्कर्ट पुसत म्हणाली, "ते रोज असे बसत नाहीत, आज तुम्ही शेजारी आहात म्हणून पाहुण्यांचा मान राखतायत."

"मला डोळे आहेत," आउरिस्तेला म्हणाली. "आणि याची बायको कुठाय?"

"येतील," सिनिया म्हणाली. कडक बाई, पण जाळीकडे बघून तिने हळूच ओठ चावला.

बँडने चाल बदलली, म्हणजे तीच सुरुवात आणि दुसरा शेवट. आणि एवेलियोंनी मान वर केली. खिशात हात घातला. कंगवा काढला, तो ते कधी विसरले नाहीत. केस मागे सारले, उजव्या बाजूने, मग डाव्या. उठले. डोक्यावरची टोपी बहिणीच्या हातात दिली, जशी कुणी खुंटीला अडकवावी तशी, आणि सरळ माझ्यासमोर येऊन वाकले.

"बाईसाहेब, नाचणार का?"

ते हे बोलले वर, त्या लगद्याच्या चेहऱ्याकडे बघून. मला जाळीतून फक्त त्यांच्या शर्टाचं तिसरं बटण दिसत होतं. ते सकाळी मीच शिवलं होतं.

मी मान डोलावली, म्हणजे सगळा सांगाडा. आणि आम्ही नाचलो. त्यांना नाच यायचा. आम्ही तरुण असताना ते शनिवारी दुकान बंद करून, खांद्यावर केस तसेच, थेट नाचायला न्यायचे मला. पाय काही विसरले नव्हते. मी उजवीकडे गेले की ते उजवीकडे. मला वाटलं, आता श्वास संपेल, संपला तरी चालेल. म्हातारी माणसं ओरडत होती. मास्तर लंगडत लंगडत आमच्याभोवती फिरत होते आणि मोजत होते, एक दोन तीन, एक दोन तीन, शिक्षकाची सवय.

मग ट्रॉम्बोनवाल्याला दम लागला आणि बँड थांबला. सगळीकडे शांत. एवेलियो मात्र बोलत राहिले, आणि ओरडून बोलत राहिले, कारण त्या बाईचे कान बारा फुटांवर होते.

"छान नाचता! कुठल्या तुम्ही?"

"इथलीच," मी बारीक आवाजात चिरकले. आणि का कोण जाणे, मत्सर म्हणा, मी विचारलं, "तुम्हाला बायको आहे का?"

"आहे ना! फार चांगली बाई." मग त्यांनी कपाळावर बोट ठेवून फिरवलं. "पण डोक्याने जरा हललीय बिचारी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी आत सांगाड्याला घट्ट धरलं.

"म्हणजे काय?"

"अहो, रोज सकाळी मला विचारते, मी कोण आहे? रोज! आता तिला स्वतःचं नाव आठवत नाही, तर मी कुठून सांगू? मी म्हणतो, बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, कॉफी घ्या."

हे खरं होतं. दोन वर्षं मी रोज सकाळी, कॉफीच्या आधी, त्यांची ही परीक्षा घेत होते. ते रोज नापास व्हायचे आणि मी रोज ओट्याकडे तोंड करून डोळे पुसायचे. मला कधी सुचलंच नाही की समोरून ते कसं दिसत असेल.

"मग तिला अशी एकटीला सोडून तुम्ही इथे?" मी चिरकले. आवाज फाटत होता.

"म्हणून तर इथे कामाला लागलो! मी घरात असलो की ती बाहेर पडत नाही. दिवसभर माझ्याभोवती. तिला वाटतं मी हरवेन." ते हसले. "तेव्हा मी म्हटलं, एवेलियो, काम धर. मंगळवार, गुरुवार मी इथे येतो, या म्हाताऱ्यांचे केस विंचरतो. यांना काही कळत नाही हो, कोणीतरी शहाणं माणूस लागतं. आणि तेवढे दोन दिवस ती सुटते. परवा घरी गेलो तर उगाच गुणगुणत होती. आंघोळ नाही, काही नाही. उगाच!"

मी रडत होते आणि हसत होते आणि दोन्ही हात सांगाड्यात अडकलेले, नाक पुसायची सोय नाही. वर ती बाई गुलाबी गालांनी तशीच हसत असणार.

एवेलियो अचानक जवळ आले आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "आपण नाचलो ते तिला सांगू नका. तिला वाटेल, मग माझ्याशी का नाही नाचत."

तेवढ्यात जाळीत तपकिरी स्कर्ट आला. कॉफीचा डाग, आणि पोटाशी धरलेली टोपी.  आउरिस्तेला हिगांताला म्हणाली, वर चेहऱ्याकडे बघत, रीत आहे तशी.

"बाईसाहेब, तुम्ही गावभर हिंडता. माझी वहिनी कुठे भेटली तर एक निरोप द्याल?"

हिगांताने मान डोलावली.

"तिला सांगा, लहानपणी हा मला न सांगता कुठे जायचा नाही. घरातून पळायचा तर आधी सांगून पळायचा. आज कळलं, इथेही तो आपणहून येतो, आणि सांगून येतो. हा अजून तसाच आहे." तिने टोपी काखेत मारली. "आणि सांगा की डावीकडची गिरकी आवरती घे. माणसं बसलेली असतात."

बँडवाल्यांचा दम परतला होता. ढोल वाजला. मी आवरती घ्यायला हवी होती, खांद्यांतून कळा येत होत्या, मास्तर बदली करायला तयार उभे होते. मी आणखी तीन चाली नाचले. म्हणजे एकच चाल, तीनदा. एवेलियो मध्येच थकून बसले आणि डोन्या बेलार्मिनाशेजारी बसलेल्या मृत्यूचे, होते नव्हते ते, केस विंचरायला लागले.

अडीच वाजता मी मागच्या दाराने निघाले, गल्लीतून जवळजवळ पळतच. एकाहत्तरव्या वर्षी! घरी येऊन एप्रन बांधला, तवा ठेवला, घेवडा घालून भात परतला. तीनला गाडी वाजली. दोघं आत आली. आउरिस्तेलाने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं, पुढे आली आणि माझ्या केसांतला लगद्याचा एक गुलाबी कपचा दोन बोटांनी उचलून खिडकीबाहेर टाकला.

"दवाखान्यात गर्दी होती?"

"बरीच."

"दिसतंय." ती खुर्चीत बसली. "मी उद्या सकाळच्या गाडीने जाते, वहिनी. एकटीच."

मी डावाने भात हलवत राहिले. मग नेहमीसारखं विचारलं, "काय हो, कसा गेला दिवस?"

एवेलियोंनी बहिणीकडे पाहिलं. बहीण छताकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"काम होतं," ते म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते.

आउरिस्तेलाचा बांध फुटला. सत्त्याऐंशी वर्षांची बाई टेबलावर डोकं टेकून हसली, मग मीही, आणि आम्हाला हसताना बघून तेही. हसता हसता तिने डोळे पुसत विचारलं, "आणि गुरुवारी ती गाडी किती वाजता येते?"

मी सांगणार तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, जरा वैतागून, जणू हे आम्हा दोघींना ठाऊक असायलाच हवं होतं.

"आठला. आणि उशीर करून चालत नाही. लोक खोळंबतात."